ब तुकडीची निरीक्षण-पत्रकं

४ ऑगस्ट

परवानगीच्या अर्जावर अखेर मोठ्या बाईंची सही झाली. तीनदा परत आला होता. एकदा शिक्का नव्हता, एकदा तारीख नव्हती, तिसऱ्यांदा मोठ्या बाईंना चष्मा सापडत नव्हता. आज तो त्यांच्या डोक्यावरच निघाला.

म्हणून आजपासून ही वही. मॅडम, म्हणजे माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक, म्हणतात की संशोधन करणाऱ्याने प्रबंधात न मावणाऱ्या गोष्टीसुद्धा कुठेतरी लिहाव्यात. रोज जमणार नाही, पण लिहीन ते खरं लिहीन.

ठरलंय ते असं. सातवीच्या दोन तुकड्या. अ तुकडीला विजेचा धडा मी शिकवणार, प्रयोगांनी. मुलांनी आधी अंदाज सांगायचा, मग हाताने करून पाहायचं, मग अंदाज का चुकला ते आपसात बोलायचं. ब तुकडीला तोच धडा त्यांचे सर शिकवणार, दरवर्षीसारखा. सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक. अ तुकडी पुढे गेली तर पद्धतीत दम आहे हे सिद्ध होईल आणि मग शाळेला सगळ्याच वर्गांसाठी ती घ्यावी लागेल. मोठ्या बाईंनी त्यासाठी अ तुकडीला आठवड्यातून एक जोड तासही दिलाय.

प्रबंध १५ डिसेंबरला द्यायचा. गेल्या वर्षी आईच्या ऑपरेशनमुळे एकदा मुदत वाढवून घेतली, दुसऱ्यांदा मिळत नाही. तारीख हुकली की नोंदणी रद्द. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणाला विचारायचीही सोय नाही. बाबा तर अजून शेजाऱ्यांना सांगतात, 'आमची मास्तरीण सोळावीत आहे.'

आठ वर्ग सांभाळून हे होईल ना?

९ ऑगस्ट

ब तुकडीच्या रेडिओ सरांची संमती घेतली. हे मुलांनी ठेवलेलं नाव. एकदा सुरू झाले की तास संपेपर्यंत बंद होत नाहीत आणि त्यांच्याशी उलट बोलता येत नाही. एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवताहेत. दीड वर्षाने निवृत्त होतील.

संमतीपत्राला मी संशोधनाच्या आराखड्याचं पान जोडलं होतं. सरांनी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. त्यात ब तुकडीबद्दल मी लिहिलंय, 'पारंपरिक पद्धत. शिक्षक सांगतात, विद्यार्थी उतरवून घेतात. विद्यार्थ्यांच्या विचारांना वाव नाही.'

"हे माझ्याबद्दल आहे का हो बाई?"

"तुमच्याबद्दल नाही सर. पद्धतीबद्दल."

"अस्सं. पद्धतीबद्दल." त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "मग मी काय करायचं?"

"काहीच वेगळं नाही. नेहमीसारखंच शिकवायचं."

"म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले, आणि सही केली.

मी उगाच घाबरले होते. किती सहज दिली!

२१ ऑगस्ट

दोन्ही तुकड्यांची पहिली चाचणी. एक सेल, एक वायर, विजेरीचा एक बल्ब, बल्ब पेटेल असं चित्र काढा. बहात्तर मुलांपैकी चौघांचं बरोबर. एकाने बल्बला वायरच्या झोपाळ्यावर बसवलंय. एकीने लिहिलंय, 'पेटणार नाही, कारण बटण दिलेलं नाही.' वीसपैकी सरासरी सहा, दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. मॅडमना फोनवर सांगितलं. "उत्तम, सारख्या तुकड्या मिळाल्या," म्हणाल्या. मुलांना काही येत नाही याचा एवढा आनंद मला याआधी कधी झाला नव्हता.

२ सप्टेंबर

पहिला जोड तास. नऊ गट, नऊ बल्ब, आणि असा गोंधळ की शिपाईदादा दारात येऊन उभे राहिले. वीस मिनिटं एकाही गटाचा पेटला नाही. मग खिडकीजवळच्या मुलींच्या गटाने वायर बल्बच्या कडेला लावली, बल्बचं खालचं टोक सेलच्या गुंडीवर टेकवलं आणि सगळ्या किंचाळल्या. त्यानंतर एकेक गट पेटत गेला.

मधल्या सुट्टीत ब तुकडीतली दोन वेण्यांची मुलगी आली. "बाई, आमचा कधी?"

"तुमचा नाही गं. तुम्हाला सर शिकवणार."

"पण का?"

'तुम्ही तुलनेसाठी आहात' असं बारा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? म्हटलं, सरांना विचार. टाळलंच मी. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. प्रयोगांनी शिकणं चांगलं असं मी मानते आणि छत्तीस मुलांना मुद्दाम त्याच्याविना ठेवते. मॅडम म्हणतील, धडा संपल्यावर त्यांनाही दे. देईनच. वचन.

११ सप्टेंबर

सामानाच्या पेटीतून दोन बल्ब आणि हातभर वायर गायब. अ तुकडीला खूप बोलले. सगळ्यांनी खाली माना घातल्या, पण कुणी कबूल केलं नाही. विश्वास टाकला की असं होतं का?

स्टाफरूममध्ये रेडिओ सर म्हणाले, "बाई, एका वायरवर बल्ब खरंच पेटतो, की हे आपलं परीक्षेपुरतं?" माझी फिरकी घेत होते. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की नऊ गटांचे पेटले. "हो का," म्हणाले आणि बोटावर फुंकर घालत बसले. बोटाला फोड आलाय. विचारलं तर म्हणाले, चहा सांडला.

१९ सप्टेंबर

आज एक काम उरकून टाकलं. आराखड्यानुसार मी ब तुकडीत तीनदा मागे बसून सरांचा तास पाहायचा आणि दर पाच मिनिटांनी काय चाललंय त्याची निरीक्षण-पत्रकं भरायची होती. दोनदा माझाच तास आला. तिसऱ्यांदा गेले होते, दारापर्यंत. दार लावलेलं होतं. एवढ्या ज्येष्ठ माणसाच्या वर्गात वही घेऊन बसायचं, म्हणजे तपासनीसच झाल्यासारखं. परत आले. मॅडमना पत्रकं उद्या हवीत, त्यामुळे ऑफ तासाला तिन्ही भरली. सर कसे शिकवतात ते अख्ख्या शाळेला पाठ आहे, पाहायचं काय त्यात? 'शिक्षक फळ्यावर आकृती काढतात. विद्यार्थी वहीत उतरवतात. शिक्षक व्याख्या सांगतात.' एका ठिकाणी 'एक विद्यार्थी जांभई देतो' असंही घातलं, खरं वाटावं म्हणून.

खरं वाटावं म्हणून, असं लिहिलं मी. असू दे. तपशील आहे, निष्कर्ष नव्हे.

२५ सप्टेंबर

शेजारच्या ब तुकडीतून बाकं सरकवल्याचे आणि हसण्याचे आवाज येतात. बिचाऱ्या सरांचा वर्ग आता हाताबाहेर चाललाय. वय झालं.

६ ऑक्टोबर

सुट्टी. बाबा बसच्या डेपोत ब्रेक तपासतात. सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "तुझ्या प्रबंधात असतं तरी काय गं?"

म्हटलं, "जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहायचं, तक्त्यात."

"मग आमच्यासारखंच की! गाडीखाली शिरल्याशिवाय तक्त्यावर सही नाही."

आई म्हणाली, "त्या तक्त्यापायी सगळे शर्ट काळे केलेत. मास्तरणीचे कपडे तरी स्वच्छ राहतात."

दोघं हसले. मीही हसले. नंतर चहा प्यावासाच वाटेना. काय होतंय कळत नाही, बहुतेक पित्त.

३० ऑक्टोबर

शेवटची चाचणी झाली. पेपर तपासले, दोनदा बेरीज केली, मग तिसऱ्यांदा.

अ तुकडीची सरासरी चौदा. ब तुकडीची पावणेचौदा.

काही फरक नाही. माझे जोड तास, नऊ गट, दोन महिने घसा बसेपर्यंत केलेली धडपड, आणि पलीकडे नुसतं सांगून, उतरवून तेवढेच गुण. म्हणजे रेडिओ सर इतकी वर्षं बरोबर होते आणि मी सिद्ध करायला निघाले तेच खोटं? बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आईने दार वाजवलं, "पाणी जाईल ना टाकीतलं!"

२ नोव्हेंबर

मॅडमकडे गेले. त्या शांत होत्या. "अगं, फरक नाही हासुद्धा निष्कर्षच असतो. तुझं काम व्यवस्थित आहे, निरीक्षण-पत्रकं तर फारच नेटकी. 'प्रयोगाधारित पद्धतीने लक्षणीय फरक पडत नाही' असं लिही आणि वेळेत दे. पदवी मिळेल."

म्हणजे पदवी मिळेल. तरी घरी येताना पाय उचलत नव्हते.

४ नोव्हेंबर

मोठ्या बाईंना निकाल कळला. "मग एवढा पसारा कशाला? पुढच्या आठवड्यापासून जोड तास बंद. त्यात भाषेची उजळणी घेऊ." मी 'पण बाई' म्हणाले. त्या म्हणाल्या, "पण काय? आकडे तुमचेच आहेत."

७ नोव्हेंबर

आज ब तुकडीचे पेपर परिशिष्टात लावायला घेतले. गुण याआधी मोजले होते. उत्तरं वाचली नव्हती, म्हणजे अशी सावकाश नव्हती वाचली.

एका वायरचं चित्र बत्तीस जणांचं बरोबर आहे. पुस्तकात हे चित्रच नाही. पुस्तकात बल्ब होल्डरमध्ये आहे. या मुलांनी बल्बची कडेची पत्र्याची बाजू काढलीय, खालचं टोक काढलंय, सेल धरणारी बोटंसुद्धा काढलीत. आणि दोन वेण्यांच्या मुलीने शेवटच्या प्रश्नाखाली लिहिलंय:

'आधी आमचा पेटला नाही. सरांचापण नाही पेटला. मग सर खाली बसले आणि म्हणाले तुम्ही सांगा.'

मी ते पाच-सहा वेळा वाचलं.

८ नोव्हेंबर

सर स्टाफरूममध्ये एकटेच होते. मी पेपर पुढे ठेवला. ते लगेच लाल झाले.

"अहो बाई, चौकशी समिती बसवलीत की काय?"

"तुम्ही ब तुकडीला प्रयोग दिलेत सर?"

"दिले म्हणजे... ती वेण्यांची पोर रोज विचारायची, आमचा का नाही. मी सांगायला गेलो की प्रयोगात विशेष काही नसतं, बघा, असा पेटतो. आणि पेटेचना. एकोणतीस वर्षं तो धडा घेतोय हो. आकृती झोपेत काढून देईन. पण हातात एक वायर धरली आणि कळेना कुठे टेकवायची. सेलची दोन्ही टोकं एकाच वायरने जोडली, बोट भाजलं ते वेगळंच. पोरं हसली. मग म्हटलं, तुम्हीच सांगा."

"बल्ब तुम्ही घेतलेत?"

"दोन. आणि वायर. पुढचे माझे मी आणले. तुम्ही अ तुकडीला बोललात तेव्हा सांगणार होतो, जीभ वळली नाही. रेडिओला तेवढंच जमत नाही."

नाव त्यांना माहीत आहे! मला कुठे तोंड लपवू असं झालं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या कामात खोडा घातला मी. 'विचारांना वाव नाही' असं लिहिलं होतंत. बरेच दिवस तेच डोक्यात होतं. रागावलो होतो असं नाही. बघायचं होतं, खरंच नाही का. काय अडलंय सांगा. मी पुस्तकच वाचून दाखवलं असं हवं तर लेखी देतो. सही करतो."

मी पेपर उचलून निघून आले. अ तुकडीची माफी मागायचीय.

१० नोव्हेंबर

दोन दिवस एकच हिशेब मांडतेय. गप्प राहिले तर १५ डिसेंबरला प्रबंध जातो, पदवी मिळते आणि त्यात छापलं जातं की प्रयोगांनी फरक पडत नाही. खरं तर दोन्हीकडे प्रयोग झाले आणि दोन्ही तुकड्या सहावरून चौदावर आल्या. जे मी सिद्ध करायला निघाले त्याच्या नेमकं उलट माझ्याच नावाने. आणि जोड तास गेलेलाच.

सांगायचं ठरवलं तर मॅडम पहिला प्रश्न विचारतील. तू तीनदा वर्गात बसली होतीस ना? मग तुला दिसलं कसं नाही?

सर मला वाचवायला खोटं लिहून देतो म्हणतात. त्यांना माहीत नाही की त्यांच्या आधीच मी तीन पानं खोटं लिहून मोकळी झालेय. जांभईसकट.

११ नोव्हेंबर

पुढच्या वर्षी खरं शोधू, आता पदवी घेऊ. असा विचार आज दिवसभरात चार वेळा केला. चारही वेळा तो अगदी शहाणपणाचा वाटला.

एकदा तर आरशासमोर केस विंचरताना, स्वतःकडे बघतसुद्धा.

१३ नोव्हेंबर

आधी सरांना सांगितलं. वाटलं, पहिला हक्क त्यांचा. तिन्ही पत्रकांच्या माझ्याकडच्या प्रती त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. "'शिक्षक फळ्यावर आकृती काढतात.' आकृती बरी आलीय का माझी?... 'एक विद्यार्थी जांभई देतो.' कोण हो हा? नाव सांगा, कान पकडतो त्याचा."

मला वाटलं ते हसताहेत. वर पाहिलं तर हसत नव्हते.

"म्हणजे तुम्ही आलाच नाहीत."

"दारापर्यंत आले होते."

"दारापर्यंत." त्यांनी पत्रकं कडेला कडा लावून सारखी केली, परत दिली. "आत आला असतात तर त्या दिवशी आम्ही सगळे खाली फरशीवर होतो."

एवढं बोलून तासाला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर

मॅडमना सांगितलं. सगळं, क्रमाने, खाली बघून.

"तिन्ही?"

"तिन्ही."

त्यांनी पत्रकं मागवून घेतली, उलटसुलट केली. "किती चांगली लिहिली आहेस. मला एकदाही शंका आली नाही. हेच वाईट आहे बघ." मग म्हणाल्या, "मला न सांगता दिलं असतंस तर कळलंही नसतं कुणाला."

"हो मॅडम."

"तोंडी चालणार नाही. लेखी दे. समितीपुढे ठेवावं लागेल."

त्यांच्या टेबलावर बसूनच लिहिलं. एक पान. तीनदा खाडाखोड झाली, तसंच दिलं.

२२ नोव्हेंबर

समितीचं पत्र. निरीक्षण-पत्रकं ग्राह्य नाहीत, तुलना ग्राह्य नाही, १५ डिसेंबरची मुदत वाढणार नाही. नोंदणी रद्द. उत्तीर्ण झालेले लेखी पेपर तेवढे टिकतील. जानेवारीत नव्याने नोंदणी करून नवा प्रबंध करता येईल, मार्गदर्शकांची तयारी असल्यास. म्हणजे आणखी दीड वर्ष.

मोठ्या बाईंनाही सांगितलं की दोन्ही तुकड्यांनी प्रयोग केले होते, म्हणून गुण सारखे. त्या म्हणाल्या, "म्हणजे दोघांनी मिळून मला बनवलंत." मग खिडकीबाहेर बघत राहिल्या. "सहावरून चौदा, दोन्हीकडे?" हो म्हटलं. "जोड तास वार्षिक परीक्षेपर्यंत राहू दे. पण मी कधीही, न सांगता आत येईन."

घरी सांगायला संध्याकाळ झाली. आईला पत्र वाचून दाखवलं, तिला रद्द हा एकच शब्द ऐकू आला. बाबांनी सगळं विचारून घेतलं. मी न पाहताच भरलं होतं, हेसुद्धा सांगितलं. त्यांच्यापुढे मान वर करवेना.

"कुणी पकडलं का तूच सांगितलंस?"

"मीच."

"मग गाडी डेपोत परत आली. रस्त्यात नाही ना फेल झाली." उठून आत गेले. आत जाऊन आईला म्हणाले, "आता शेजाऱ्यांनी विचारलं तर सतरावीत आहे म्हणून सांग."

२७ नोव्हेंबर

मॅडम तयार आहेत. "पण विषय काय घेणार?" म्हणाल्या.

विषय माझ्या डोक्यात आहे, पण तो माझ्या एकटीचा नाही. समितीचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सरांना विचारलं होतं. एकोणतीस वर्षं एका पद्धतीने शिकवणारा शिक्षक वेगळं काही करू लागतो तेव्हा त्याच्या वर्गात काय काय घडतं, हे लिहू का? रोज येऊन, पाहून.

"म्हणजे यावेळी पद्धतीबद्दल नाही. माझ्याबद्दल."

"तुमच्याबद्दल."

विचार करून सांगतो म्हणाले. चार दिवस झाले, बोलत नाहीत. मागायचा हक्क तरी आहे का मला?

३ डिसेंबर

सर हो म्हणाले. अट एक: लिहिलेलं प्रत्येक पान आधी त्यांनी वाचायचं.

आज पहिल्यांदा ब तुकडीत गेले. मागच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. धडा उष्णतेचा. सर आत आले, माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला, आणि पुस्तक उघडून वाचायला लागले. पस्तीस मिनिटं. धातूचे दोन चमचे आणि लाकडाची पट्टी टेबलावर आणून ठेवली होती, त्यांना हातसुद्धा लावला नाही. मुलं एकमेकांकडे बघत होती. दोन वेण्यांची मुलगी दोनदा हात वर करून खाली घेऊन बसली. मी दर पाच मिनिटांनी लिहीत होते. हे पान ते वाचणार आहेत.

तास संपला. मुलं गेल्यावर ते फळा पुसत राहिले, पुसून झालेला फळा.

"कसा झाला?"

छान झाला म्हणावं असं फार वाटलं. आदर होता, भीती होती, आणि पुढचं वर्षभर रोज यांच्याच वर्गात यायचंय.

"वाईट झाला सर."

त्यांनी डस्टर ठेवलं. "वाईटच झाला. तुम्ही लिहायला खाली वाकलात की माझी बोबडी वळायची. चमचे कशाला आणले तेच विसरलो." मग म्हणाले, "लिहिलंत ना तसंच?"

वही पुढे केली. त्यांनी उभ्यानेच सगळं पान वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं. "दोनदा नव्हे, तीनदा हात वर केला तिने. मला दिसत होतं."

मी दुरुस्त केलं.

"उद्या या," ते म्हणाले. "पण त्या कोपऱ्यात नका बसू. पोरांच्यात बसा, बाकावर."

"बाकं छोटी आहेत सर."

"मावाल की. मीही मावलो. गुडघे जरा दुखतात. पहिले चार दिवस."